प्रथम नोंद: बाग सात

विज्ञान माणसामाणसांतले भेद मिटवतं. २००७ सालच्या ऑगस्टमध्ये ते एका पांढऱ्या जीपमधून राजुरीत आलं आणि नेमकं दोन साडूंच्या सामाईक बांधावर उतरलं, त्यामुळे पुढचं जमलं नाही.

जीप मुंबईच्या एका संशोधन संस्थेची होती. तिच्यातून प्राची मॅडम उतरल्या, जुन्नरचा रिजवान उतरला आणि थर्माकोलमध्ये गुंडाळलेले बारा डबे उतरले. रिजवानने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि त्या जोरावर खड्डे खणायचं काम त्याच्याकडे आलं होतं. डबे बारा द्राक्षबागांत बसवायचे होते. प्रत्येक डबा आपल्या बागेतली उष्णता, हवेतला दमटपणा आणि मातीतली ओल मोजणार. शिवाय प्रत्येकाला वायरने जोडलेलं पानाच्या आकाराचं एक प्लास्टिक होतं. ते वेलीच्या पानांत टांगायचं. खरं पान किती वेळ ओलं राहतं ते या खोट्या पानावरून कळतं, आणि पान फार वेळ ओलं राहिलं की डावणी येते. डावणी म्हणजे पानामागची पांढरी बुरशी. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर ती आली की घडांचं काय होतं, हे बागायतदार जेवताना बोलत नाहीत.

इथवर सगळ्यांना पटत होतं. मग प्राची मॅडमनी सोसायटीच्या हॉलमध्ये सांगितलं की हे डबे सुटेसुटे काम करत नाहीत. ते रेडिओवरून एकमेकांशी बोलतात. एकाला काही वेगळं जाणवलं की तो शेजारच्यांना विचारतो, शेजारचे त्यांच्या शेजारच्यांना, आणि बाराही मिळून ठरवतात की आज शिवारात धोका आहे का. असला तर सगळ्यांच्या मोबाईलवर मेसेज जातो.

"वरून हुकूम देणारं कुणी नाही," मॅडम म्हणाल्या. "सगळे मिळून निर्णय घेतात."

बारा जणांनी मिळून काही ठरवल्याची घटना राजुरीत कुणाच्या आठवणीत नव्हती. खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीला या बोलण्याचा त्रास होणार नाही ना, असं एकाने विचारलं. त्याचा मेव्हणा तिथे नोकरीला होता. रीतसर परवानगी घेतली आहे, असं मॅडम म्हणाल्या. त्यानंतर चहा झाला.

दुसऱ्या दिवशी रिजवानने डबे बसवले. अकरा डबे कमरेएवढ्या पाइपावर बसले. बारावाही तसाच बसला. पण सोपानच्या बागेत आणखी एक गोष्ट उभी राहिली: वीस फुटी लोखंडी खांब, त्यावर मोठी सोलर पाटी, वर अँटेना आणि दर पाच सेकंदांनी मिचकावणारा तांबडा दिवा. सोपानची बाग जरा उंचावर होती आणि मोबाईलची रेंज तिथेच धड मिळत होती, म्हणून.

शेजारच्या बागेतून भिमाजी हे बघत होता. दिवा दिवसासुद्धा दिसत होता.

भिमाजी आणि सोपान साडू. बेल्ह्याच्या प्रयागबाईंची थोरली मुलगी भिमाजीला दिलेली, धाकटी सोपानला. सोपानचं स्थळ भिमाजीनेच सुचवलं होतं, आणि ही एक गोष्ट त्याने स्वतःला वीस वर्षांत माफ केली नव्हती. लग्नात तो सोपानच्या शेजारी बसला आणि फोटोत त्याचा अर्धाच चेहरा आला. तिथपासून हिशेब सुरू झाला. सोपानने ठिबक केलं, भिमाजीने त्याच्यापेक्षा मोठा फिल्टर बसवला. सोपानने संडासाला कमरेपर्यंत टाइल्स लावल्या, भिमाजीने छतापर्यंत लावल्या आणि पाहुण्यांना दाखवायला त्याचं दार उघडं ठेवू लागला. त्या वर्षी अधिक महिना आला, तेव्हा प्रयागबाईंनी दोन्ही जावयांना रीतीप्रमाणे तेहतीस तेहतीस अनारसे दिले. भिमाजीने घरी येऊन मोजले. तेहतीसच होते, पण त्यातला एक मोडलेला होता.

या सगळ्याच्या मुळाशी प्रयागबाई होत्या. त्यांना मुलगा नव्हता. नवरा गेल्यावर त्या धाकटीकडे, म्हणजे सोपानकडे राहायला आल्या. गुडघे दुखतात आणि भिमाजीकडे जिना चढावा लागतो, असं कारण त्यांनी दिलं होतं. भिमाजीने तळमजल्यावर त्यांच्यासाठी एक खोली बांधली. खिडकीला जाळी बसवली, बाहेर तुळस लावली. याला तीन वर्षं झाली. त्या खोलीत आता खताच्या गोण्या होत्या आणि तुळस अजून जिवंत होती.

तर खांब उभा राहिला, आणि गावाने त्याला मालक डबा म्हणायला सुरुवात केली. सोपानने काही म्हटलं नाही. तो फक्त येणाऱ्याजाणाऱ्याला खांबाच्या सावलीत बसवून पाणी देऊ लागला. भिमाजीने आठवडाभर सोसलं. मग मातीचा कंडक्टर का काय तो साफ करायला रिजवान आला, तेव्हा त्याला भेळ खाऊ घालून त्याने विषय काढला.

रिजवान हसला. म्हणाला, "काका, तो खांब म्हंजे निस्ता पोष्टमन हाय. बाकीचे जे ठरवतील ते मुंबईला धाडायचं, एवढंच त्याचं काम. त्याला सोताची अक्कल न्हाई."

"मंग परमुख कोन?"

"परमुख या बारांतलाच एक. ते डबेच आपसांत ठरवत्यात."

"कशावरून ठरवत्यात?"

इथे रिजवानला खरं उत्तर माहीत नव्हतं. पण तोंडात भेळ होती आणि समोर माणूस आशेने बघत होता. त्याने अंदाजाने सांगितलं की ज्याची खबर पहिली येते आणि बाकीच्यांना पटते, त्याचं वजन वाढत असणार. माणसांत असंच असतं, असंही त्याने जोडलं.

भिमाजीला ते वाक्य लागलं. त्याच्या आयुष्यात त्याची खबर कधीच पहिली पोचली नव्हती.

सप्टेंबरमध्ये प्राची मॅडम पुन्हा आल्या आणि त्यांनी सांगितलं की अठरा नोव्हेंबरला परदेशातून पाच पाहुणे येणार आहेत. दोन जपानी, एक बेल्जियमचा, बाकीचे दोघे अजून ठरायचे होते. त्यांना डब्यांचं जाळं दाखवायचं, प्रमुख डब्यापाशी फोटो काढायचा आणि त्या बागेच्या मालकाशी बोलायचं. मालकाचा सत्कार गावाने करावा अशी सूचना सरपंचांनी तिथेच केली, कारण शाली शिल्लक होत्या.

प्रयागबाईंपर्यंत ही बातमी संध्याकाळी पोचली. त्या ओट्यावर लसूण सोलत होत्या. थोरलीही तेव्हा तिथे होती, तिने घरी येऊन नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. म्हातारी म्हणाली होती, "मला परदेशी मानूस बघायचाय. ज्याच्या बागंत ते येतील तिथं मी सकाळधरनं खुर्ची टाकून बसनार."

भिमाजीने त्या रात्री जेवताना दुसरी भाकरी घेतली नाही. सकाळी त्याने प्लास्टिकची आरामखुर्ची धुऊन वाळत घातली.

छाटणी झाली, ऑक्टोबर संपत आला, वेली फुटल्या. पाऊस गेलेला. आकाश इतकं कोरडं होतं की डबे दिवसचे दिवस गप्प असत. मेसेज येत नव्हता, म्हणजे कुणाची खबर पहिली असण्याचा प्रश्नच नव्हता. भिमाजी पहाटे बागेत जाऊन आपल्या डब्याकडे बघत उभा राही. डबा क्रमांक सात. त्याने त्याची सोलर पाटी धोतराच्या मऊ फडक्याने पुसून चकचकीत ठेवली होती, दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घातली होती, आणि डब्याने त्या बदल्यात काही केलं नव्हतं.

एका पहाटे तो बाहेर निघताना हातात टमरेल होतं. टमरेलाचं कारण असं की ते हातात असलं की खेड्यात पहाटे कुठेही जाणाऱ्या माणसाला कुणी काही विचारत नाही, उलट बघायचंही टाळतं. गाव अजून पुरतं सुधारलं नव्हतं आणि ही एक सोय शिल्लक होती. बागेत पोचल्यावर भिमाजीने चहूकडे पाहिलं, टमरेलात बोटं बुडवली आणि खोट्या पानावर पाणी शिंपडलं. पान ओलं झालं. त्याने थोडं थांबून पुन्हा शिंपडलं. योगायोगाने त्या दिवशी दहिवरही बऱ्यापैकी पडलं होतं, त्यामुळे डबा सातने शेजाऱ्यांना विचारलं तेव्हा शेजाऱ्यांना त्याचं म्हणणं थोडंफार पटलं असावं. सात वाजता बाराही मोबाईल वाजले. मेसेज मराठी होता पण इंग्रजी अक्षरांत. अर्थ असा होता की डावणीचा धोका संभवतो, फवारणी करावी. आणि शेवटी: प्रथम नोंद, बाग सात.

भिमाजीने तो मेसेज अकरा वेळा वाचला. मग बायकोला दाखवला. मग बेल्ह्याच्या बाजारात गुरं बघायला गेला, तिथे त्याने गुरं सोडून मोबाईलच दाखवला. दोघातिघांनी त्याला "भिमाजीराव" म्हटलं. एकाने विचारलं, "पयल्यांदा तुमच्याच डब्याला कसं कळलं वो?" भिमाजी म्हणाला, "डब्याचंबी मालकावर असतंय." हे बोलताना तो इतका गंभीर होता की त्याला स्वतःलाच ते खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बाग सात. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

सोपानच्या खांबाखाली पाणी प्यायला येणारे कमी झाले. सोपान बोलणारा माणूस नव्हता; तो विचार करणारा होता, आणि साडूबद्दल विचार करायची त्याला वीस वर्षांची सवय होती. त्याने तिसऱ्या दिवशी पहाटे गच्चीवरून पाहिलं. भिमाजी टमरेल घेऊन चालला होता. छतापर्यंत टाइल्स लावलेला माणूस टमरेल घेऊन चालला होता. सोपानने पुढचं सगळं गच्चीवरच ओळखलं.

चौथ्या दिवशी मेसेज आला: प्रथम नोंद, बाग चार. बाग चार सोपानची.

त्यानंतरच्या दहा दिवसांत राजुरीत जे झालं त्याला मॅडमच्या भाषेत समन्वय म्हणत असावेत. भिमाजी साडेपाचला उठायचा तो पाचला उठू लागला. सोपान पावणेपाचला. भिमाजी साडेचारला. बाकीच्या बागायतदारांनी चार दिवस सात आणि चार यांचीच नावं आलटूनपालटून वाचली. मग त्यांना आपला डबा मुका आहे की काय असं वाटू लागलं. बाग दोनच्या गेणभाऊने आपली शंका बोलून दाखवली की सगळी यंत्रणा साडूसाडूंनी वाटून घेतलीय. पहाटेच्या अंधारात बाहेर पडलेल्या माणसाला दुसरा बाहेर पडलेला माणूस दिसतोच. एकेक करून गोष्ट कळत गेली, आणि कुणी ती दुसऱ्याला सांगितली नाही, कारण प्रत्येकाला वाटलं की ती फक्त आपल्यालाच कळलीय. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिवाळीच्या अभ्यंगस्नानाआधी अकरा माणसं अकरा टमरेलं घेऊन अकरा दिशांना जात होती आणि एकमेकांकडे बघायचं टाळत होती.

डब्यांचं मात्र एकमत होतं. पाऊस नाही, धुकं नाही, आणि शिवारभर पानं दिवसाचे सहासहा तास ओली. मुंबईला प्राची मॅडम आणि त्यांचे सर रात्री जागून आलेख काढत होते. राजुरीच्या हवेत काहीतरी असं आहे जे पुस्तकात नाही, इथवर ते आले होते.

यापेक्षाही विचित्र गोष्ट बागांत चालली होती. अकराही जण रोज डावणीचं औषध फवारत होते. प्रत्येकाला पक्कं माहीत होतं की आपला डबा खोटं बोलतोय, पण उरलेले खरं बोलतायत याबद्दल कुणाला शंका नव्हती. भिमाजीला एवढं ठाऊक होतं की सोपानही पाणी मारतो. म्हणून तो सात आणि चार वजा करायचा आणि बाकीच्या दहांवर विश्वास ठेवायचा. दहा डबे एकदम लबाडी करतील हे त्याच्या बुद्धीला पटत नव्हतं. दुपारभर ट्रॅक्टरवरचे फवारे गरगरत. मोरचुदाने पानं निळी पडली.

या सगळ्यात एक डबा कोरडा होता. बाग अकरा, साळुबाईची. साळुबाई विधवा, दीड एकर बाग एकटी बघणारी. तिला मेसेज वाचता येत नव्हते आणि वाचून घ्यायला वेळ नव्हता. ती पान उलटं करून बघायची, पांढरं दिसलं नाही की पुढे जायची. तिचा डबा रोज इमानदारीत सांगत होता की पान सुकं आहे. बाकी अकरा सांगत होते की ओलं आहे. बारा शहाण्यांची यंत्रणा अशा वेळी जे करते तेच तिने केलं. तिने ठरवलं की डबा अकरा बिघडलाय.

रिजवान मोटारसायकलवरून आला, डबा अकरा उपटला आणि नवा बसवला. नव्यानेही सुकंच सांगितलं. चार दिवसांनी रिजवानने तोही बदलला, खोटं पानही बदललं, आणि ते करताना दोन वेलींच्या मुळ्या तुटल्या. तिसऱ्यांदा आला तेव्हा साळुबाई कुऱ्हाड घेऊन बांधावर उभी होती. कुऱ्हाड सरपणासाठी होती, पण रिजवानने गाडी चालूच ठेवली.

"काय झालंय त्या डब्याला?" तिने विचारलं.

"मावशी, तो बाकीच्यांसारखं बोलत न्हाई."

"मंग बाकीचे काय करत्यात?"

रिजवानला एव्हाना बरंच माहीत झालं होतं. अकरा डब्यांखालची जमीन त्याने पाहिली होती, प्रत्येकाच्या पायाशी चिखल आणि चपलेचे ठसे. पण त्याची नोकरी कंत्राटी होती आणि मॅडम खूष होत्या. तो जमिनीकडे बघत म्हणाला की बाकीच्यांचं पान ओलं असतं.

"एवढंच?" साळुबाई म्हणाली. "उद्यापासून वलं करते. पर तू आता बागंत पाय ठिऊ नको."

तिने शब्द पाळला. भाजी धुतलेलं पाणी ती रोज जाता जाता पानावर टाकू लागली. डबा अकरा दुरुस्त झाल्याची नोंद मुंबईत झाली.

सोळा नोव्हेंबरची पहाट. पाहुण्यांना दोन दिवस उरले होते. भिमाजी पावणेचारला निघाला होता. मागचे तीन दिवस प्रथम नोंद सोपानची होती आणि ते आता थांबायला हवं होतं. टमरेल काठोकाठ भरलेलं होतं. ओढ्याच्या वळणावर शिट्टी वाजली आणि तोंडावर बॅटरीचा झोत आला.

ते गुड मॉर्निंग पथक होतं. उघड्यावर जाणाऱ्यांना पहाटे गाठायचं, चार शब्द सांगायचे आणि गुलाबाचं फूल देऊन लाजवायचं, अशी मोहीम त्या वर्षात गावोगाव चालू होती. ग्रामसेवक, दोन मास्तर आणि परडी धरलेल्या एक अंगणवाडीच्या बाई. त्यांनी भिमाजीला ओळखलं आणि त्यांनाच कसंसं झालं.

"भिमाजीराव, तुमी?" ग्रामसेवक म्हणाले. "तुमच्याकडं तर टाइल्स हायेत."

भिमाजीपुढे दोन रस्ते होते. एक म्हणजे, मी संडासला चाललो नाही, यंत्राच्या पानावर पाणी शिंपडायला चाललोय, कारण साडूच्या आधी माझं नाव यायला हवं, असं चौघांसमोर सांगणं. दुसरा म्हणजे गप्प राहणं. त्याने मान खाली घातली आणि हात पुढे केला. बाईंनी त्यात गुलाब दिला.

"घरात कोंडल्यासारकं व्हतं," तो पुटपुटला.

पथक पुढे गेलं. पाच मिनिटांनी दुसरी शिट्टी सोपानच्या बांधावरून ऐकू आली. भिमाजी थांबून ऐकत राहिला. साडूनेही काही सांगितलं नाही. त्या पहाटे पथकाला अकरा माणसं सापडली. अकराही बागायतदार, अकरांच्याही घरी संडास, आणि अकरांनीही मुकाट्याने गुलाब घेतला. साळुबाईला कुणी हटकलं नाही. तिच्या हातात मेथी होती. तालुक्याला त्या सकाळी जो आकडा गेला त्याने राजुरीचं नाव स्वच्छतेच्या यादीतून खाली आलं आणि द्राक्ष बागायतदारांत प्रबोधनाची विशेष गरज आहे असा शेरा पडला.

उजाडल्यावर दोन्ही साडू बांधावर समोरासमोर आले. दोघांच्या हातात फूल होतं, कारण टाकायचं कुठे हे सुचलं नव्हतं. सोपानचं फूल जास्त उमललेलं होतं. भिमाजीच्या ते लक्षात आलं.

"लई दिवस झालं का?" सोपानने विचारलं.

"कशाचं?"

"घरात कोंडल्यासारकं व्हायला."

ग्रामपंचायतीच्या कर्ण्यावरून नऊ वाजता नावं वाचली गेली. प्रयागबाई ओट्यावर बसून ऐकत होत्या. धाकट्या जावयाचं नाव आलं तेव्हा त्यांनी मान हलवली. थोरल्याचं आलं तेव्हा त्या थोरल्या मुलीला निरोप धाडून म्हणाल्या, "बरं झालं तिकडं ऱ्हायला गेले न्हाई. त्या संडासात कायतरी असंल."

भिमाजीला हा निरोप दुपारी मिळाला. तो तळमजल्यावरच्या खोलीत गेला, गोण्यांवर थोडा वेळ बसला आणि तुळशीला पाणी घालून परत आला.

सतरा आणि अठरा तारखेला पहाटे कुणीही घराबाहेर पडलं नाही. खोटी पानं सुकी राहिली. साळुबाईने मेथी संपल्यामुळे पाणी टाकलं नाही. तीन आठवड्यांत पहिल्यांदा बाराही डब्यांनी खरं सांगितलं, आणि पाहुण्यांसमोर बोलताना प्राची मॅडमना ते मोठ्या कौतुकाने सांगावं लागलं की राजुरीतला ओलाव्याचा एक अपूर्व कालखंड परवाच संपला. जपान्यांनी लिहून घेतलं. पाच पाहुण्यांपैकी तिघेच आले होते.

भिमाजीच्या बागेत त्या दिवशी रांगोळी होती. डब्याला नवी माळ होती. स्वतः तो इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत होता आणि आरामखुर्ची रिकामी होती. बांधापलीकडे सोपानच्या बागेतही रांगोळी आणि एक रिकामी खुर्ची. प्रयागबाई दोघांच्या मधोमध, बांधावरच्या दगडावर बसल्या होत्या. कुठल्या बाजूला उठून जायचं ते पाहुणे ठरवणार होते. दोन्ही जावई त्यांच्याकडे बघत नव्हते आणि दुसरीकडेही कुठे बघत नव्हते.

जीप आली. मंडळी उतरली. मॅडमनी मांडीवर लॅपटॉप उघडला आणि काहीतरी पाहिलं. "या क्षणी प्रमुख डबा क्रमांक अकरा आहे," त्या म्हणाल्या. जीप पुन्हा चालू झाली आणि साळुबाईच्या बागेकडे गेली.

प्रयागबाई दगडावरून उठल्या. गुडघ्याला हात लावून थोडं थांबल्या आणि दोघांपैकी कुणालाही न विचारता जीपच्या मागे चालू लागल्या.

साळुबाई खुरपत होती. तिच्याकडे रांगोळी नव्हती, खुर्ची नव्हती. बेल्जियमचा पाहुणा वेलीखाली वाकला, त्याने पान उलटं केलं, बघितलं आणि पुढे गेला. तिला ते आवडलं. फोटो निघाला. शाल तिच्या खांद्यावर ठेवली तेव्हा तिने ती लगेच काढून घडी करून बांधावर ठेवली, मातीचे हात लागू नयेत म्हणून. प्रयागबाईंनी तिच्या घरून चहा करून आणवला आणि जपान्यांना बशीत ओतून प्यायला शिकवलं.

भिमाजी तोवर येऊन पोचला होता. सोपान दहा पावलं मागे होता. भिमाजीने गर्दीतून वाट काढली, मॅडमच्या लॅपटॉपसमोर उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा साडूच्या देखत, सगळ्यांसमोर, मनातलं विचारलं.

"मॅडम, अकराच का? त्याची तर एकदाबी पयली नोंद न्हाई. तो तर नादुरुस्त व्हता. आमचा सात नंबर कुठं कमी पडला?"

मॅडमना प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. त्यांनी एक तक्ता उघडला आणि पडदा त्याच्याकडे वळवला. प्रमुखाला जास्त बोलावं लागतं आणि त्याची बॅटरी लवकर उतरते, म्हणून दर चार तासांनी प्रमुख बदलतो, आळीपाळीने, असं त्यांनी सांगितलं. पहिली नोंद कुणाची याचा त्याच्याशी संबंध नाही. ती ओळ फक्त मेसेजमध्ये माहितीसाठी टाकली होती.

डबे चालू झाले त्या वीस ऑगस्टपासून आजपर्यंत नव्वद दिवस झाले होते. तक्त्यात डबा सात पंचेचाळीस वेळा प्रमुख झालेला होता. डबा चार पंचेचाळीस वेळा. उरलेले दहाही पंचेचाळीस वेळा.